ईस्टरला मुलीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवायचं का? पाठवा, पण गुरुवारीच

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मुलगी २३ वर्षांची, नर्सिंग झालंय, नोकरीही आहे, आणि आता म्हणतेय सिस्टर व्हायचंय. एका कॉन्व्हेंटनं तिला पवित्र सप्ताहातले, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातले, शेवटचे दिवस राहायला बोलावलंय, आणि आपण कॅथलिक असूनही आत काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही, ईस्टरच्या दिवशी ती घरी नसणार याचं वाईट वाटतंय, आणि तीन दिवसांत तिला काय कळणार असंही वाटतंय. मी ३४ वर्षं धर्मभगिनी आहे, वसईकडचीच, आणि त्यातली १९ वर्षं सॅक्रिस्टी (चर्चमधली तयारीची खोली) सांभाळलीये, म्हणजे मिस्साचे (चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) झगे, मेणबत्त्या, फुलं, आल्तारावरचे (वेदीवरचे) कपडे हे सगळं माझ्या अंगावर. त्यामुळे मी जे सांगेन ते प्रवचनासारखं नसेल, मागच्या दारानं बघितल्यासारखं असेल, चालवून घ्या.

पाठवा तिला. पण गुरुवारी दुपारी पाठवा, शनिवारी रात्री नको. बऱ्याच मुली शनिवारी संध्याकाळी बॅग घेऊन येतात, रात्रीची मिस्सा बघतात, मेणबत्त्या, घंटा, आलेलुया, सगळं इतकं छान असतं की डोळ्यात पाणी येतं, आणि रविवारी म्हणतात सिस्टर मला इथंच राहायचंय. ती रात्र बघून कुणालाही तसंच वाटेल हो. आमचं आयुष्य त्या रात्रीसारखं नसतं, ते बरंचसं शनिवारच्या दुपारसारखं असतं. ती दुपार तिनं बघायला हवी, बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

आधी एक गैरसमज काढते. लोकांना वाटतं कॉन्व्हेंटमध्ये आमचं स्वतःचं वेगळं ईस्टर होतं, बंद दाराआड. मोठ्या मदरहाऊसला, म्हणजे संस्थेच्या मुख्य घरी, होतं, मी नॉव्हिशिएटमध्ये (व्रतं घेण्याआधीच्या शिकण्याच्या काळात) होते तेव्हा आम्ही ४० जणी होतो, चॅपेल भरायचं, स्वतःचा क्वायर, स्वतःचे चॅप्लेन फादर. पण आता मी आहे त्या घरात आम्ही सहा जणी आहोत आणि आम्ही सरळ पॅरिशच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यांच्या, चर्चमध्ये जातो. हे आमच्या आळसामुळे नाही, १९८८ साली रोमहून या दिवसांबद्दल जे पत्र आलं होतं त्यात स्पष्ट म्हटलंय की छोट्या कम्युनिटींनी जवळच्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हावं. आणि मिस्सा द्यायला फादर लागतातच, सिस्टर मिस्सा देऊ शकत नाहीत, मग सहा जणींसाठी एक फादर अडकवून ठेवायचे आणि तिकडे पॅरिशमध्ये हजार माणसं, याला काही अर्थ नाही. घरात आमच्या आम्ही करतो त्या दिवसातल्या ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, स्तोत्रं वगैरे, त्याला आम्ही सगळ्या 'ऑफिस'च म्हणतो. तुमच्या मुलीला कुणी म्हणालं की सिस्टर ऑफिसला गेल्या तर बँकेत गेल्या असं समजू नका.

रोजचा दिवस पटकन सांगते. सव्वापाचला घंटा, चॅपेलमध्ये ध्यान, सकाळची प्रार्थना, मग चर्चमध्ये मिस्सा, चहा-नाश्ता, मग ज्या त्या आपल्या कामाला, आमच्यातल्या दोघी शाळेत, एक दवाखान्यात, एक स्वयंपाक आणि बाग, एक म्हाताऱ्या आहेत त्या घरीच, आणि मी चर्च आणि हिशोब. संध्याकाळी रोझरी (जपमाळ), प्रार्थना, जेवण, अर्धा तास गप्पा (यात सिरियलही येते, लपवत नाही), रात्रीची प्रार्थना, आणि मग सकाळपर्यंत मौन. बस एवढंच. यात ईस्टरचा मार्च-एप्रिल म्हणजे शाळेच्या परीक्षा, पेपर तपासणं, निकाल. २०२५ ला ईस्टर २० एप्रिलला होतं, २०२६ ला ५ एप्रिलला, तारीख दरवर्षी हलते कारण ती चंद्रावर आहे, २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. माझी शेजारीण आजी तिचं सोपं करून सांगते, होळी नाहीतर हनुमान जयंती झाली की आठवड्याभरात तुमचं ईस्टर, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. तर शाळेतल्या सिस्टर गुरुवारी दुपारपर्यंत पेपर तपासत असतात आणि संध्याकाळी पाय धुवायच्या मिस्सेला पळतात, हे तिला दिसलं तर दचकू नये.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, सुरू झाला की सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि तो संपला की बंद, त्या थेट शनिवारी रात्रीच्या ग्लोरियालाच. चर्चमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. पण जिथं उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं घंटेवर चालतं त्या घरात दोन दिवस घंटा नाही म्हणजे काय होतं ते राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही लाकडी खटखटा वापरतो, गोव्याच्या सिस्टर त्याला मात्राक म्हणतात, आणि त्याचा आवाज इतका कोरडा आणि रुक्ष आहे की शुक्रवारी पहाटे कॉरिडॉरमध्ये तो वाजला की पोटात गोळा येतो, ३४ वर्षं झाली तरी येतो.

आता पाय धुण्याचं, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची ती आठवण. पॅरिशमध्ये फादर बारा जणांचे धुतात, पूर्वी नियमानं पुरुषच असायचे, २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही मोकळं केलं. पण घरात आमचं वेगळं असतं, बुधवारी रात्री चॅपेलमध्ये सगळ्या बसतो, वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर माफी मागतो आणि मग सुपिरियर, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टर, सगळ्यांचे पाय धुतात. आता हे ऐकायला फार पवित्र वाटतं. प्रत्यक्षात काय असतं सांगू? एक सिस्टर पायाला लवचिक मोजे घालतात, शिरा फुगल्यात म्हणून, त्यांना ते काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत सगळ्या खाली बघत बसतात. स्वयंपाकवाल्या सिस्टरच्या टाचांना इतक्या भेगा आहेत की टॉवेलचे धागे अडकतात. एका वर्षी माझं आणि शेजारच्या खोलीतल्या सिस्टरचं कॉरिडॉरच्या पंख्यावरून तीन महिने बोलणं नव्हतं, मला रात्री गरम होतं, त्यांना वारा सोसत नाही, हसू नका, सहा बायका एका घरात राहतात तेव्हा अशाच गोष्टींवरून होतं. सुपिरियरनी मुद्दाम मलाच म्हटलं त्यांचे पाय तू धू. धुतले. त्याही रडल्या, मीही रडले. आणि ईस्टरच्या मंगळवारी पंख्यावरून पुन्हा वाजलं. पण तीन महिने अबोला नाही धरला, त्याच दुपारी बोललो, एवढा फरक. तुमच्या मुलीला कुणी सांगितलं असेल की आत सगळ्या देवदूतासारख्या राहतात तर तेवढं डोक्यातून काढून पाठवा.

गुरुवारच्या मिस्सेनंतर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तशरीर मानतो ती भाकर, बाजूच्या वेदीवर नेतात आणि मुख्य आल्तार उघडा करतात, सगळे कपडे काढून, मेणबत्त्या काढून, जमलं तर क्रूससुद्धा हलवून. हे काम माझं. लोक तोपर्यंत बाजूच्या वेदीपुढे जागरणाला बसलेले असतात, आणि मी मागे एकटी चादरी घडी करत असते, खालचा दगड थंड लागतो हाताला. आधीच्या काळात मी हे भराभर उरकायचे कारण अकरापर्यंत आराधनेला बसायचं असायचं. आता सावकाश करते. लाईट बंद करून शेवटी टॅबरनॅकलचं (साक्रामेंत ठेवायच्या पेटीचं) दार उघडंच ठेवायचं, आत काही नाही, आणि लाल दिवाही विझलेला. नवीन मुलीला मी नेहमी सोबत घेते या कामाला, तुमच्या मुलीलाही त्या सॅक्रिस्टिअन सिस्टरनी घेतलं तर बरं, आराधनेला थोडी उशिरा गेली तरी चालेल.

शुक्रवारी मिस्सा नाहीच. दुपारी तीनच्या सुमाराला दुःखसहनाचा विधी, फादर येतात ते काही न गाता न बोलता सरळ जमिनीवर पालथे पडतात, मग योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन, मग दहा मोठ्या प्रार्थना, पोपपासून ते देवावर विश्वास नसलेल्यांपर्यंत सगळ्यांसाठी, मग क्रूसाचं वंदन, आणि आदल्या दिवशीचंच ख्रिस्तशरीर वाटतात. याबद्दल तुम्हाला माहितीये, तुम्ही दरवर्षी जाताच. मी फक्त उपासाबद्दल बोलते कारण नर्स आहे म्हटल्यावर तिचं लक्ष तिकडंच जाणार. नियम असा आहे की १८ पूर्ण ते साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे ५९ पूर्ण होईपर्यंत, एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, आणि मांस १४ वर्षांच्या वर कुणालाच नाही. आमच्याकडे दुपारी पेज आणि सुकी चटणी. पण डायबेटिसवाल्या सिस्टर असतात आणि त्या गुपचूप उपास धरतात, एक जण तर ८५ वर्षांच्या आहेत, त्यांना नियम लागूच नाही तरी पेजेलाही हात लावत नाहीत. तेव्हा सुपिरियर ताट पुढे ठेवून एकच वाक्य बोलतात, सिस्टर, आज्ञापालन. आणि त्या मुकाट जेवतात, तोंड वाकडं करून. तीन व्रतं असतात आमची, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, बाहेरच्यांना नेहमी दुसऱ्याची चिंता, आमच्यात सगळ्यात जास्त घाम तिसरंच काढतं.

अजून एक बारीक गोष्ट आहे, चर्चमध्ये दिसणार नाही, चॅपेलमध्येच दिसेल. या दिवसांत ऑफिसमध्ये एक छोटं वाक्य येतं, फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, की ख्रिस्त आपल्यासाठी मरण पत्करण्याइतका आज्ञाधारक झाला. गुरुवारी रात्री एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. शुक्रवारी त्याला पुढचा तुकडा जोडतात, तेही क्रूसावरचं मरण. आणि शनिवारी तिसरा, म्हणून देवानं त्याला उंच केलं आणि सर्व नावांहून श्रेष्ठ नाव दिलं. मला पहिली काही वर्षं हे लक्षातही आलं नव्हतं, मला वाटायचं पुस्तकात छपाईची चूक आहे, वाक्य अर्धवट का सोडलंय. नव्या मुलींना शिकवणाऱ्या आमच्या नॉव्हिस मिस्ट्रेसना मी तसं सांगितलं होतं, त्या इतक्या हसल्या.

आता शनिवार. शनिवारी सकाळी आम्ही चॅपेलमध्ये वाचनं आणि सकाळची प्रार्थना करतो, आणि मग काहीच नाही. मिस्सा नाही, कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर वाटणं, नाही (मरणाच्या दारातल्या माणसाला सोडून), टॅबरनॅकल रिकामं, आल्तार उघडा, घंटा नाही, बोलणं कामापुरतं. सवयीनं चॅपेलमध्ये जाऊन गुडघा टेकायला जातेस आणि आठवतं की आत कुणीच नाहीये. आणि त्याच वेळी वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्याच दिवशी असतं, फुलं, पितळेची भांडी, पाण्याचे हंडे, शेगडी, मेणबत्त्यांच्या कागदी वाट्या, पांढरे झगे इस्त्री. चाळीस दिवस आल्तारावर फूल नसतं आणि नेमका आपल्या वसईत हा मोगऱ्याचा मोसम, वाडीवाले सकाळी टोपल्याच्या टोपल्या आणून देतात, सॅक्रिस्टीत इतका वास कोंडतो की डोकं दुखतं, आणि बाहेर चर्च मात्र उघडं बोडकं. हात भरलेले आणि बाकी सगळं रिकामं, असं संध्याकाळपर्यंत.

८५ वर्षांच्या त्या सिस्टर सांगतात की त्यांच्या लहानपणी हा शनिवार असा नव्हताच, जागरणाची मिस्सा शनिवारी सकाळीच उरकायचे, लॅटिनमध्ये, चर्च अर्धं रिकामं, बाहेर कडक ऊन आणि आत फादर गाताहेत की ही ती रात्र आहे. दुपारी बारा वाजले की उपवासकाळ संपला, मुलं घराकडं पळायची खायला. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये आधी प्रयोग म्हणून आणि मग १९५५ च्या सुधारणेत कायमची ती मिस्सा रात्री नेली, आणि मराठीत गाणं तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलं. त्यामुळे शनिवार जो मोकळा झाला तो तसा अलीकडचाच म्हणायचा, आमच्या म्हाताऱ्या सिस्टरच्या आयुष्यातला.

त्या दुपारी मी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या, मेणबत्तीचं काम करते आणि हे मला कुणी बोलू नका असं सांगून दार लावून करते. मेणबत्ती दरवर्षी नवी लागते, खऱ्या मेणाची, एकच. तिच्यावर क्रूस, वर आल्फा खाली ओमेगा, चार कोपऱ्यात चालू वर्षाचे चार आकडे, आणि धुपाचे पाच दाणे, येशूच्या पाच जखमा, ते फादर रात्री खोचतात. आता मेण असतं टणक आणि रात्री वारा, अंधार, हजार लोक बघताहेत आणि फादर दाणा दाबताहेत आणि तो आत जात नाही, मोडतो, खाली पडतो, हे मी पहिल्या वर्षी बघितलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून विणकामाची सुई गॅसवर तापवून पाच भोकं आधीच पाडून ठेवते, दाणा नुसता टेकवला की बसतो. दुसरं, नवी वात कधीच नीट पेट घेत नाही, म्हणून दुपारी एकदा पेटवून, जरा वितळू देऊन विझवून ठेवते. एका तरुण फादरांनी मला सांगितलं होतं की सिस्टर हे बरोबर नाही, पहिली ज्योत नव्या अग्नीचीच पाहिजे. मी म्हटलं फादर, मिरवणुकीत अर्ध्यात विझली तर मग तुमची तुम्ही पेटवा काडीपेटीनं. गप्प बसले. माझ्या मते ज्योत रात्रीचीच पहिली, दुपारी मी करते ती दुरुस्ती.

अग्नीसाठी नारळाची सोडणं आणि करवंट्या, चार दिवस उन्हात वाळवलेल्या. एका वर्षी अवकाळी पाऊस आला, सोडणं ओली, रात्री अग्नी काही पेटेना आणि धूर इतका की पुढच्या रांगेतले लोक खोकून बेजार, शेवटी कुणीतरी स्कूटरमधलं पेट्रोल आणलं. आता मी एक पोतं सॅक्रिस्टीच्या माळ्यावर ठेवते. रात्र पडल्यावरच सुरू करायचं असा नियम आहे, आमच्याकडे साडेदहाला करतात. चर्चचे सगळे लाईट बंद, मेणबत्ती आत येते, तीनदा थांबून ख्रिस्ताचा प्रकाश म्हणून गातात, आणि त्या एका ज्योतीवरून माणसामाणसाकडे करत सगळं चर्च पेटत जातं. मग पास्काची घोषणा, मग जुन्या करारातली सात वाचनं, वेळेसाठी कमी केली तरी तीन हवीतच आणि तांबड्या समुद्राचं तर कधीच गाळायचं नाही. आणि मग ग्लोरिया, सगळ्या घंटा, आम्ही पडद्यामागे उभ्या असतो फुलं घेऊन, दोन मिनिटांत आल्तार सजवायचा असतो, लोकांना वाटतं चमत्कार झाला. माझे हात त्या वेळी थरथरतात, दरवर्षी. याबद्दल जास्त लिहीत नाही, ते तिला तिचं बघू दे.

२०२० ला हे काहीच नव्हतं. लॉकडाऊन, ईस्टर १२ एप्रिलला, चर्च बंद, रोमहूनच सूचना होती की लोकांशिवाय विधी करायचे आणि अग्नीही पेटवायचा नाही. आम्ही सगळ्या लॅपटॉपसमोर बसलो, नेट मध्येच गोल गोल फिरायचं. रात्री अकराला स्वयंपाकवाल्या सिस्टर उठल्या, जिन्याखालची ती रोजची पितळी घंटा हातात घेतली आणि अंगणात जाऊन पाच मिनिटं वाजवत राहिल्या. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी ताट वाजवून उत्तर दिलं. त्यांना बहुतेक वाटलं असेल की पुन्हा टाळ्या-थाळ्यांचा कार्यक्रम आहे.

तीन दिवसांत तिला कळेल का विचारलंत. सगळं नाही कळणार, आणि कळायची घाईही नाहीये, हे तुम्ही आई आहात म्हणून सांगते. पाहुणी म्हणून राहणं म्हणजे काही सही करणं नाही. आत यायचं ठरवलं तरी आधी काही काळ नुसतं सोबत राहणं, मग नॉव्हिशिएट, तो चर्चच्या कायद्यानं कमीत कमी १२ महिन्यांचा, मग पहिली व्रतं, ती तात्पुरती, किमान ३ वर्षं, बहुतेक ठिकाणी ५-६, आणि मग कायमची. कायमच्या व्रतांआधी ती घरी परत येऊ शकते (व्रतांची मुदत चालू असताना मात्र परवानगी घेऊन) आणि आम्हीही तिला पाठवू शकतो, माझ्या बॅचच्या ११ पैकी ४ आहोत. परत गेलेल्यांपैकी दोघी दर ईस्टरला मला फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (मांसाचा मसालेदार रस्सा) पाठवतात, त्यामुळे कुणी कुणाला तोडत नाही. तुम्ही तिला परत आल्यावर काय विचाराल? ईस्टरची रात्र कशी होती विचारू नका, छान होती म्हणेल. शनिवारी दुपारी दोन ते पाच काय केलंस ते विचारा. जीव घुसमटला, मोबाईल शोधत होते म्हणाली तरी हरकत नाही, अगदी खरं आहे ते, माझाही घुसमटला होता. फुलांच्या काड्या कापत बसले आणि वेळ कसा गेला कळलं नाही म्हणाली तर मात्र तुम्ही जरा सावरून बसा.

बरोबर द्यायचं सामान म्हणजे सुती कपडे, सहज काढता येतील अशा चपला, शुक्रवारी खूप वेळ गुडघ्यावर असतं त्यामुळे जाड सलवार, पाण्याची बाटली, तिची काही औषधं असतील तर ती, आणि मिठाई देऊ नका, आमच्याकडे त्या दिवशी मार्झिपानची अंडी इतकी येतात की पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ५० दिवस, संपत नाहीत. रविवारी तिला न्यायला साडेअकरानंतर या. त्याआधी आलात तर कॉन्व्हेंटमध्ये कुणी भेटणार नाही, आम्ही सगळ्या चर्चमध्ये लाद्यांवरचं मेण खरवडत असतो, हजार मेणबत्त्यांचं मेण असतं ते, आणि त्याला जुनं एटीएम कार्ड सगळ्यात बरं पडतं. तुमच्याकडे एखादं असेल तर घेऊन या, आमची झिजलीयेत.